माशीनं नुसता वास घेतला, तरी आयुष्य घटलं

काचेची एक नळी. अडीच सेंटिमीटर रुंद, साडेनऊ सेंटिमीटर उंच. तळाला बोटभर थिजलेलं खाद्य, तोंडाला कापसाचा बोळा आणि मधल्या मोकळ्या जागेत 25 फळमाश्या. डझनभर केळी आणून दोन दिवस विसरलो की कुठून उगवतात ते कळत नाही, त्याच या माश्या. नळीतल्या माश्यांना मुद्दाम बेताचं खायला दिलेलं आहे. अर्धपोटी ठेवलेली माशी पोटभर खाणाऱ्या माशीपेक्षा जास्त जगते, हे प्रयोगशाळांमध्ये वारंवार दिसून आलं आहे. आता या माश्यांजवळ जिवंत यीस्ट ठेवायचं. यीस्ट म्हणजे त्यांचं पक्वान्न. पण मध्ये असा आडोसा ठेवायचा की वास पोचावा आणि यीस्टचा कणही तोंडाला लागू नये. खाणं पूर्वीइतकंच बेताचं. भर पडली ती फक्त वासाची.

आणि तेवढ्यानं, अर्धपोटी राहून कमावलेल्या आयुष्यातला काही भाग गेला.

हा प्रयोग सर्गेई लिबर्ट, स्कॉट प्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. प्लेचर तेव्हा ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये होते, पुढे ते मिशिगन विद्यापीठात गेले. संवेदना, चयापचय आणि म्हातारपण या तिन्हींना जोडणारा धागा ते तेव्हापासून शोधत आले आहेत. वय आणि आहार यांबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा हिशोब पोटाचा असतो: किती कॅलरी गेल्या, किती प्रथिनं गेली. या प्रयोगानं दाखवलं की शरीर दुसराही एक हिशोब ठेवतं. पोटात आलेला माल वेगळा आणि मालाची नाकानं आणलेली खबर वेगळी. खबर एकटी आली तरी शरीर कामाला लागतं.

खबरीवर चालणारं शरीर

विचार केला तर हे आपल्या रोजच्या अनुभवातलंच आहे. फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं. रशियात इव्हान पाव्हलोव्ह यांनी कुत्र्यांवर दाखवलं होतं की अन्न नुसतं दिसलं तरी जठरात पाचक रस स्रवू लागतो. माणसातही अन्न रक्तात पोचण्याआधीच, चवीच्या आणि वासाच्या इशाऱ्यावर, थोडं इन्सुलिन सुटतं.

2015 साली कॅलिफोर्निया विद्यापीठात झॅकरी नाइट यांच्या गटानं भुकेल्या उंदराच्या मेंदूतल्या भूक जागवणाऱ्या चेतापेशींवर प्रत्यक्ष नजर ठेवली. अपेक्षा अशी होती की उंदीर खाईल, पोट भरेल आणि मग या पेशी हळूहळू शांत होतील. घडलं वेगळंच. अन्न समोर येताच, पहिला घास घेण्याआधी, काही सेकंदांत त्या शांत झाल्या. पेशींनी भरलेल्या पोटाची वाट पाहिलीच नाही. पुढे काय येणार याचा अंदाज बांधून त्या मोकळ्या झाल्या. 2018 साली जर्मनीत कोलोन इथल्या संशोधकांनी दाखवलं की अन्न पाहून आणि हुंगून उंदराचं यकृतही पुढच्या कामाची तयारी सुरू करतं. म्हणजे पाणी फक्त तोंडाला सुटत नाही.

इथपर्यंत पटायला अडचण नाही. पण पाचक रस सुटणं वेगळं आणि आयुष्य कमी होणं वेगळं. वासाचा संबंध थेट म्हातारपणाशी कसा पोचतो, हे समजण्यासाठी माशीपेक्षाही साध्या जीवाकडे जावं लागतं.

एक मिलिमीटरचा सूत्रकृमी

सी. एलिगन्स हा मातीत राहणारा, पारदर्शक, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा कृमी. त्याच्या शरीरात चेतापेशी मोजून 302. अगारच्या (जेलीसारख्या थिजणाऱ्या पदार्थाच्या) थाळीवर, ई. कोलाय जिवाणूंच्या पातळ थरावर, 20 अंश सेल्सियसला तो दोन ते तीन आठवडे जगतो. मेला की नाही हे ठरवायची रीत साधी आहे: प्लॅटिनमच्या बारीक तारेनं हलकेच डिवचायचं. हालचाल नाही म्हणजे गेला.

1993 साली सिंथिया केनियन यांच्या गटानं दाखवलं की ‘डाफ-2’ या एकाच जनुकात बिघाड केला तर हा कृमी दुपटीहून जास्त जगतो. डाफ-2 म्हणजे कृमीच्या पेशीवरचं इन्सुलिनसारख्या संदेशाचं ग्राही, संदेश पकडणारा कान म्हणा. तो बधिर झाला की ‘फॉक्सो’ नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि डागडुजीची जनुकं चालू करतं: बिघडलेली प्रथिनं सावरणारी, ऑक्सिडीकरणाचा मारा थोपवणारी, जंतूंशी लढणारी. इन्सुलिनचा संदेश जोरात असेल तर हेच फॉक्सो केंद्रकाबाहेर अडकून पडतं. थोडक्यात, इन्सुलिनचा संदेश म्हणजे ‘सुगी आहे, वाढा आणि प्रजा वाढवा’, आणि संदेश थंडावणं म्हणजे ‘दिवस वाईट आहेत, घर दुरुस्त ठेवा’.

मग 1999 साली हावियर आपफेल्ड आणि केनियन यांनी पुढची पायरी ‘नेचर’मध्ये मांडली. कृमीच्या संवेदी चेतापेशींच्या टोकाला बारीक केसासारखे तंतू असतात आणि रसायनांचा वास किंवा चव पकडण्याचं काम तेच करतात. ज्या कृमींत जन्मतःच हे तंतू नीट बनत नव्हते ते नेहमीच्या कृमींपेक्षा जास्त जगले. फॉक्सोचं जनुक काढून टाकलं की हा फायदा बहुतांशी नाहीसा झाला. म्हणजे वासाची खबर शेवटी त्याच इन्सुलिनच्या वाटेनं शरीरभर पोचत होती.

‘वास बंद, आयुष्य जास्त’ असा सोपा नियम मात्र यातून निघत नाही. 2004 साली जॉय आल्सेडो आणि केनियन यांनी लेझरनं एकेक चेतापेशी जाळून पाहिली. चवीच्या काही पेशी मारल्यावर आयुष्य वाढलं, तर काही पेशी मुळात आयुष्य वाढवण्याचंच काम करत होत्या. शेजारशेजारच्या पेशी उलट्या दिशेनं ओढत होत्या. नाक हा एकच दिवा नसून ती दिव्यांची पाटी आहे. कुठला दिवा विझवता त्यावर सगळं ठरतं.

पुन्हा माशीकडे

माशीला नाक नसतं. तिची वासाची इंद्रियं तिच्या मिशांवर आणि तोंडाजवळच्या दोन लहान अवयवांवर असतात. वास पकडणारी साठेक ग्राही प्रथिनं तिच्याकडे आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना काम करायला एक सामाईक जोडीदार लागतो. त्या जोडीदाराचं जुनं नाव ‘ओआर-83बी’, आताचं ‘ऑर्को’. हे एकच जनुक निकामी केलं की माशीचं वासाचं जग जवळजवळ अंधारतं. लिबर्ट आणि प्लेचर यांच्या त्याच 2007 च्या अभ्यासात अशा वासहीन माद्यांचं मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्म्या माश्या मरेपर्यंतचा काळ, 56 टक्क्यांनी जास्त भरलं. त्यांचं चयापचयही बदललं होतं आणि ताण सोसण्याची ताकद वाढली होती.

‘जवळजवळ’ हा शब्द वर मुद्दाम वापरला आहे. कार्बन डायऑक्साइड ओळखणारी माशीची चेतापेशी ऑर्कोवर अवलंबून नसते, तिची ग्राही प्रथिनं वेगळी. आणि आंबणारं यीस्ट सोडतं काय? कार्बन डायऑक्साइडच. 2010 साली याच गटानं त्या वायूच्या ग्राहीतलं ‘जीआर-63ए’ हे जनुक काढलं, तेव्हा पोटभर खाणाऱ्या माद्याही जास्त जगल्या. ‘इथे जेवण आहे’ एवढी खबर द्यायला एका वायूचा एक मार्ग पुरतो.

फळमाशीला वास आणि चव कळतात कशा, या प्रश्नाचा जनुकीय पाया घालण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे आणि आपल्याकडे तो फारसा सांगितला जात नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) ओबैद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी 1970 च्या दशकात वास किंवा चव न कळणाऱ्या फळमाश्या शोधून काढल्या, त्यांची जनुकं गुणसूत्रांवर कुठे आहेत ते नोंदवलं. तोवर या विषयावर असं काम जगातही फार थोडं झालं होतं.

असा प्रयोग कुठे फसतो

‘अमुक जनुक काढलं आणि माशी इतके टक्के जास्त जगली’ ही बातमी वाचताना आत काय काय चुकू शकतं हे माहीत असलेलं बरं. आयुर्मानाचा प्रयोग दिसायला सोपा: माश्या ठेवा, मेलेल्या मोजा. पण फळमाशी 25 अंशांवर दोन-तीन महिने जगते आणि तेवढ्या काळात लहानशी चूकही साठत जाते.

खाद्यापासून सुरुवात करू. दर 100 मिलिलिटरला पोटभर आहारात 10 ते 15 ग्रॅम साखर आणि तेवढंच मारलेलं, कोरडं यीस्ट, तर बेताच्या आहारात दोन्ही साधारण 5 ग्रॅम. अगार दीड-दोन ग्रॅम. नेमके आकडे प्रयोगशाळेगणिक बदलतात. अगार कमी पडलं की खाद्य सैल राहतं, माश्या त्यात चिकटून मरतात आणि तो मृत्यू म्हातारपणाच्या खात्यात जमा होतो. बुरशी थोपवायला परिरक्षक घालावं लागतं. ते जास्त झालं तर तेच विष.

माश्या एकाच वयाच्या हव्यात, म्हणून कोशातून बाहेर पडल्यापासून 24 तासांच्या आतल्या गोळा करतात, दोन-तीन दिवस नर-मादी एकत्र ठेवतात, मग हलक्या कार्बन डायऑक्साइडनं बधिर करून वेगळ्या करतात. एका नळीत 20 ते 25. एका गटासाठी अशा दहा-बारा नळ्या, म्हणजे दोनशेच्या वर माश्या. तापमान 25 अंश, आर्द्रता सुमारे 60 टक्के, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार. दर दोन-तीन दिवसांनी सगळ्या माश्या ताज्या खाद्याच्या नळीत उतरवायच्या आणि मेलेल्यांची नोंद करायची. उतरवताना जी उडून जाते तिला मेलेली धरायचं नाही. ‘या दिवसापर्यंत जिवंत होती’ एवढंच लिहायचं. तापमान दोन-तीन अंशांनी खाली गेलं तर सगळ्याच माश्या जास्त जगतात. म्हणून प्रयोगाच्या आणि तुलनेच्या नळ्या एकाच कपाटात, एकाच फळीवर, जागा आलटूनपालटून ठेवायच्या.

सगळ्यात मोठा सापळा वंशाचा. जनुक बिघडवलेली माशी आणि तुलनेची माशी यांच्यात तेवढं एकच जनुक वेगळं हवं. प्रत्यक्षात प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढलेल्या दोन वंशांत हजारो बारीक फरक असतात आणि त्यातले कित्येक आयुष्यावर परिणाम करतात. उपाय म्हणजे बिघडवलेली माशी तुलनेच्या वंशाशी पिढ्यानपिढ्या संकरित करत राहणं, सहा-सात पिढ्या तरी. ही पायरी गाळलेल्या अभ्यासाचा आकडा कितीही मोठा असो, त्यावर विसंबू नये.

आणि वासाच्या प्रयोगात सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न: वास न येणारी माशी कमीच खात असेल तर? मग ती जगली उपाशी राहून, वासाचा त्यात काय संबंध? माशी किती खाते हे मोजणं किचकट असतं. खाद्यात निळा रंग घालून पोटातला रंग मोजतात, किंवा केशनलिकेतून द्रव पाजून पातळी किती उतरली ते पाहतात. प्लेचर यांच्या प्रयोगशाळेनं यासाठी विजेवर चालणारं एक साधनही बनवलं: माशीचा पाय किंवा सोंड द्रवाला लागली की मंडल पूर्ण होतं आणि प्रत्येक स्पर्श संगणकात नोंदला जातो. या लेखाच्या सुरुवातीचा प्रयोग महत्त्वाचा ठरतो तो याचमुळे. तिथे माश्या जनुकानं तशाच ठेवून त्यांना वास वाढवून दिला होता.

अपेक्षा आणि फळ

2014 साली प्लेचर यांच्याच गटानं अन्न बाजूला ठेवून दुसरी खबर तपासली: मादीची. त्यांनी अशा नर माश्या घडवल्या की अंग नराचं, पण त्वचेवरचा गंध मादीचा. साध्या नरांना यांच्यासोबत ठेवलं. मादीचा गंध सतत, समागम मात्र कधीच नाही. या नरांची चरबी घटली, उपाशीपणा सोसण्याची ताकद कमी झाली आणि आयुष्यही घटलं. खऱ्या माद्यांशी समागम करू दिलेल्या नरांत ही हानी काही प्रमाणात भरून निघाली.

गंध तोच. फरक पडला तो गंधानं दिलेलं आश्वासन पुरं झालं की नाही यानं. हातातोंडाशी आलेला घास रोज हिरावला जाणं शरीराला महाग पडतं, हे इथे चरबीच्या आणि दिवसांच्या मोजमापात उतरलं. या सगळ्या संशोधनातलं सगळ्यात खोल निरीक्षण मी हेच मानतो. मेलेल्या माश्या नजरेसमोर ठेवल्या तरी जिवंत माश्या लवकर मरतात, हेही याच प्रयोगशाळेनं 2019 साली दाखवलं आणि त्यात सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचं एक ग्राही गुंतलेलं आढळलं.

याच प्रयोगशाळेचा 2023 सालचा एक अभ्यास उलट्या बाजूनं येतो. खबर अन्नाची नसून भुकेची. आहारातली काही ठरावीक अमिनो आम्लं कमी केली की माशीला भूक जास्त लागते. संशोधकांनी पुढे जाऊन लाल प्रकाशाच्या झोतानं भुकेच्या चेतापेशी थेट चेतवल्या. त्या माश्यांनी जास्त खाल्लं आणि तरीही त्या जास्त जगल्या. कमी खाल्ल्यानं आयुष्य वाढतं, या वाक्यातला ‘कमी खाणं’ आणि ‘भूक लागणं’ यांचा गुंता इथे पहिल्यांदा नीट सुटलेला दिसतो.

उंदीर, मिरची आणि नाक

माशीवरून माणसावर उडी मारण्याआधी उंदरांचे दोन अभ्यास पाहायला हवेत. दोन्हींत सेलीन रिएरा आणि अँड्र्यू डिलिन, काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेतलं.

2014 सालच्या अभ्यासात ‘टीआरपीव्ही-1’ हे ग्राही नसलेले उंदीर घेतले. मिरची झोंबते ती याच ग्राहीमुळे. हे उंदीर सरासरी सुमारे 14 टक्के जास्त जगले आणि म्हातारपणीही त्यांचं साखरेवरचं नियंत्रण तरुणांसारखं राहिलं. कारण असं: स्वादुपिंडात शिरणाऱ्या वेदनेच्या तंतूंवर हे ग्राही असतं. ते तंतू सीजीआरपी नावाचा पदार्थ सोडतात आणि तो इन्सुलिन सुटण्याला लगाम घालतो. वय वाढतं तसा हा लगाम आवळत जातो. ग्राहीच नाही, तर लगाम ढिला. यावरून ‘ठेचा खा, आयुष्य वाढवा’ असं कुणी सांगत असेल तर ते या प्रयोगात नाही. या उंदरांना मिरची कुणी खाऊ घातली नव्हती. त्यांच्यात ग्राहीच नव्हतं.

2017 सालच्या अभ्यासात युक्ती सुंदर होती. उंदराच्या पेशींना डिप्थेरियाचं विष सहसा बाधत नाही, कारण ते पकडणारं माणसासारखं ग्राही त्यांच्याकडे नसतं. संशोधकांनी ते ग्राही फक्त वासाच्या चेतापेशींवर बसवलं आणि मग विष दिलं. मेल्या त्या तेवढ्याच पेशी. नंतर सगळ्यांना भरपूर चरबीचं खाणं दिलं. साधे उंदीर दुप्पट होत 60 ग्रॅमपर्यंत गेले. वास गेलेले 33 ग्रॅमच्या आसपास थांबले. त्यांची तपकिरी चरबी, म्हणजे ऊर्जा जाळून उष्णता बनवणारी चरबी, जास्त ऊर्जा जाळत होती. ज्या उंदरांची वासाची जाण जनुकीय बदलानं तीव्र केली होती, ते उलट जास्त लठ्ठ झाले. पण किंमतही होती: वास गेलेल्या उंदरांत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे ताणाचं संप्रेरक वाढलं होतं, आणि ते सतत वाढलेलं राहणं हृदयाला धोक्याचं.

माणसात मात्र चित्र उलटं दिसतं. शिकागो विद्यापीठाच्या जयंत पिंटो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 57 ते 85 वयाच्या 3,005 जणांना पाच वास ओळखायला दिले: गुलाब, चामडं, संत्रं, मासा, पुदिना. पाच वर्षांनी पाहिलं तर ज्यांना वास जवळजवळ ओळखूच आले नव्हते त्यांच्यातले 39 टक्के वारले होते, मध्यम घट असलेल्यांतले 19 टक्के आणि वास नीट येणाऱ्यांतले 10 टक्के. हे माशीच्या विरोधात जातं का? नाही. माशीत धडधाकट शरीराची एक तार कापली होती. म्हाताऱ्या माणसात तार आपोआप झिजते. नाकातल्या चेतापेशी आयुष्यभर नव्यानं बनत राहतात. ते बनणं मंदावलं, किंवा मेंदूतच काही बिघाड सुरू झाला, की वास जातो. तिथे वास जाणं हे म्हातारपणाचं कारण नसून खूण आहे.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना दूध उतू गेल्याचा, आमटी करपल्याचा किंवा गॅस गळत असल्याचा वास कळेनासा झाला तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावं, कारण नाकातले कोंब (पॉलिप) किंवा जुनी सर्दी अशी बरी होणारी कारणंही निघतात. विषाणूनं चेतापेशींना इजा होऊन वास गेला असेल तर वासाचा सराव सुचवला जातो. त्याची ठरलेली रीत अशी: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास (त्यांच्या तेलात भिजवलेला कापूस) वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवायचे, दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री, प्रत्येकी दहा सेकंद हुंगायचे, हुंगताना तो वास आठवायचा प्रयत्न करायचा, आणि निदान 12 आठवडे खंड पडू द्यायचा नाही. तेलाचा वास उडाला की बाटलीतला कापूस बदलायचा, नाहीतर महिनाभरानं माणूस नुसताच कोरडा कापूस हुंगत बसतो.